धर्मगुरूही तोच, जल्लादही तोच

रोमच्या जुन्या वस्तीत, तिबेर नदीपासून हाकेच्या अंतरावर, कांपो दे फियोरी नावाचा एक चौक आहे. नावाचा अर्थ फुलांचे मैदान. सकाळी तेथे भाजी, फळे आणि फुले यांचा बाजार भरतो. चौकाच्या मधोमध, डोक्यावर टोपी ओढून उभा असलेला ज्योर्दानो ब्रूनो याचा पुतळा आहे. १७ फेब्रुवारी १६०० रोजी धर्मन्यायालयाच्या निकालानंतर ब्रूनोला याच जागी जिवंत जाळण्यात आले. पुतळा उभारला गेला तो १८८९ साली, म्हणजे पोप महोदयांची रोमवरील सत्ता संपुष्टात आल्यानंतर. रोमला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंना हा चौक सहसा दाखवला जात नाही. दाखवावा, असे मला वाटते.

गेल्या शतकाच्या आरंभी याच चौकात एक गरीब बाई फळे व भाजी विकत असे. तिचा नवरा मालवाहू गाडी हाकीत असे. तो लवकर वारला आणि सहा लेकरांचा भार तिच्यावर पडला. पाच मुली आणि एक मुलगा. मुलाचे नाव आल्दो. आल्दो फाब्रित्सी याचा जन्म १ नोव्हेंबर १९०५ चा, म्हणजे सकल संतांच्या सणाचा. वडील गेल्यावर त्याची शाळा सुटली. मिळेल ते काम करीत, बाजारातल्या माणसांचे बोलणे, चालणे, भांडणे, हातवारे टिपत तो मोठा झाला. पुढे सुमारे अर्धशतक रंगभूमीवर आणि पडद्यावर त्याने जे उधळले, ते सारे भांडवल या बाजारातले होते.

फाब्रित्सी हा नायक कधीच नव्हता. अंगाने स्थूल, मान आखूड, चेहरा गोल, भुवया सतत काही तरी तक्रार करीत असलेल्या. चरित्र अभिनेता म्हणून ज्याला आपण ओळखतो त्या जातीचा हा नट. परंतु या एकाच देहाने एक गोळी घातला जाणारा धर्मगुरू, एक जुलमी सरदार, एक पोटभरू हवालदार आणि पोपच्या राज्यातला जल्लाद अशा भूमिका वठवल्या. एक धर्मगुरू म्हणून मला या नटाविषयी कुतूहल आहे ते यामुळेच. रोमच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील उजळ पान आणि काळवंडलेले पान अशी दोन्ही पाने त्याने प्रेक्षकांना वाचून दाखवली, आणि दोन्ही वेळी तो त्याच भाजीबाजाराच्या भाषेत बोलला.

१९३१ साली तो रोमच्या रंगमंचावर प्रथम उभा राहिला. त्या काळी इटलीतील अनेक चित्रपटगृहांत चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यापुढच्या चिंचोळ्या जागेत गाणी, नाच आणि नकला यांचा कार्यक्रम होत असे. तिकीट चित्रपटाचे काढलेले, त्यामुळे प्रेक्षक नटाकडे पाहायला आलेलाच नसे. त्याला जिंकावे लागे, आणि न जिंकल्यास शिट्ट्या खाव्या लागत. या कठोर शाळेत फाब्रित्सी एकपात्री नकला करू लागला. ट्रामचालक, तिकीट तपासणारा, मुष्टियोद्धा, नोकरीच्या शोधातला इसम असे त्याचे नमुने. तो काही फार विनोद सांगत नसे. ‘तुमच्या कधी लक्षात आले आहे का?’ अशा अर्थाचा प्रश्न टाकून तो रोजच्या आयुष्यातील एखादी क्षुल्लक गोष्ट उलगडीत जाई, आणि सभागृहातील प्रत्येकाला वाटे की हे माझ्याच घरातले आहे. थोडक्यात, निरीक्षण हाच त्याचा विनोद होता. चांगला प्रवचनकार याहून वेगळे काय करतो, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.

याच सुमारास विनोदी नियतकालिकांत लिहिणारा, व्यंगचित्रे काढणारा एक लुकडा तरुण त्याच्या ओळखीचा झाला. दोघे रात्री उशिरापर्यंत रोमच्या रस्त्यांवर गप्पा मारीत भटकत. तो तरुण म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेला दिग्दर्शक फेदेरिको फेलिनी. फाब्रित्सीचा पहिला चित्रपट १९४२ सालचा. त्यात तो बसचा कंडक्टर आहे. दिग्दर्शक मारिओ बोनार, लेखकांत चेझारे झावात्तीनी आणि नाव न झळकलेला फेलिनी. पुढच्याच वर्षी ‘कांपो दे फियोरी’ या नावाच्याच चित्रपटात तो त्या चौकातला मासेविक्या झाला आणि भाजीवाली झाली आन्ना मान्यानी. त्याच वर्षी आणखी एका चित्रपटात तो घोडागाडीवाला झाला. कंडक्टर, मासेविक्या, गाडीवान! मुसोलिनीच्या राजवटीत पडद्यावर संगमरवरी जिने आणि पांढरे टेलिफोन यांची चलती असताना हा जाड्या माणूस रस्त्यावरचा रोम पडद्यावर आणीत होता. युद्धोत्तर इटालियन वास्तववादाचा उगम समीक्षक नाना ठिकाणी शोधतात. माझ्या मते एक उगम या कंडक्टरच्या तिकिटांच्या पिशवीतही आहे.

सप्टेंबर १९४३ पासून रोम जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. ४ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा शहरात शिरल्या. दरम्यानच्या नऊ महिन्यांत काय घडले ते सांगितल्याविना फाब्रित्सीची सर्वांत मोठी भूमिका समजणार नाही.

दोन ज्युसेप्पे मोरोसीनी हे संत विन्सेंट द पॉल यांच्या मिशन संघाचे तरुण धर्मगुरू. ‘दोन’ हा इटलीत धर्मगुरूंच्या नावामागे लावला जाणारा आदरार्थी शब्द. आपण ‘फादर’ म्हणतो तसा. संगीताची त्यांना उत्तम जाण होती. भूमिगत प्रतिकारकांना त्यांनी मदत केली. एका खबऱ्याने घात केला आणि ४ जानेवारी १९४४ रोजी त्यांना अटक झाली. रेजिना चेली या तुरुंगात छळ सोसत असताना त्यांनी एका सहबंदीच्या अजून न जन्मलेल्या बाळासाठी अंगाईगीताला चाल लावली. पोप बारावे पायस यांनी त्यांच्या जीवदानासाठी केलेली रदबदली वाया गेली. ३ एप्रिल १९४४, पवित्र आठवड्यातील सोमवार. फोर्ते ब्राव्हेत्ता येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. गोळीबार करणाऱ्या इटालियन शिपायांपैकी बहुतेकांनी नेम चुकवला. जखमी अवस्थेतील धर्मगुरूंना अखेर एका अधिकाऱ्याने पिस्तुलाने संपवले. वय अवघे एकतीस.

दुसरे दोन पिएत्रो पापागालो. हे मूळचे दक्षिण इटलीतील तेर्लित्सी गावचे. साठीकडे झुकलेले, साधे, शहरात परगावच्या लोकांना आधार देणारे धर्मगुरू. लपून राहणाऱ्यांना ते आसरा देत, बनावट कागदपत्रे मिळवून देत. त्यांनाही पकडण्यात आले. २३ मार्च १९४४ रोजी रासेल्ला मार्गावरील बाँबस्फोटात जर्मन पोलीस दलाची ३३ माणसे मेली. एकास दहा या हिशेबाने दुसऱ्याच दिवशी अर्देआतीनेच्या खाणींत ३३५ जणांना मागून डोक्यात गोळी घालून ठार करण्यात आले. त्या ३३५ जणांत धर्मगुरू एकच होते, दोन पिएत्रो. त्यांनी बांधलेला हात कसाबसा सोडवून सोबतच्यांना आशीर्वाद दिला, असे सांगितले जाते.

रोम मुक्त झाल्यावर काही महिन्यांतच रोबेर्तो रोसेलिनी याच्या मनात दोन मोरोसीनी यांच्यावर एक छोटा चित्रपट करावा असे आले. फेलिनी तेव्हा अमेरिकन सैनिकांची व्यंगचित्रे काढून पोट भरीत होता. रोसेलिनी त्याच्या दुकानी गेला तो मुळात फेलिनीसाठी नव्हे, तर त्याच्या मार्फत फाब्रित्सीला गाठावे म्हणून. फाब्रित्सी लगेच तयार झाला नाही. मोबदल्यावरून घासाघीस झाली. पोटासाठी शिट्ट्या खाल्लेल्या माणसाचे ते वागणे मला अनैसर्गिक वाटत नाही. हुतात्म्याची भूमिका करायची म्हणून भाडे कोणी माफ करीत नाही. हळूहळू छोट्या चित्रपटाचा मोठा झाला, दोन धर्मगुरूंचा मिळून एक दोन पिएत्रो पेल्लेग्रीनी झाला, आणि १९४५ च्या जानेवारीत, हाताला लागतील ते फिल्मचे तुकडे जोडत, ‘रोमा चित्ता आपेर्ता’ म्हणजे ‘रोम, खुले शहर’ या चित्रपटाचे काम सुरू झाले.

मी हा चित्रपट सेमिनरीत असताना प्रथम पाहिला. नव्वदीच्या दशकाचा आरंभ होता. व्हिडिओ कॅसेट जुनी, चित्र हलणारे, खालची इंग्रजी अक्षरे पांढऱ्या पार्श्वभूमीवर पुसून गेलेली. आम्ही वीस-बावीस वर्षांचे तरुण, हुतात्म्यांची चरित्रे वाचून भारावलेले. मला वाटले होते, उंच, कृश, तेजस्वी डोळ्यांचे धर्मगुरू दिसतील. पडद्यावर आला तो काळ्या झग्यातला एक जाडा इसम, पोरांबरोबर फुटबॉल खेळणारा, आणि चेंडू येऊन आदळला तो त्याच्या डोक्यावर. पुढे तो जुन्या मूर्तींच्या दुकानात जातो. तेथे संत रोख यांची मूर्ती आणि एक विवस्त्र स्त्रीमूर्ती समोरासमोर ठेवलेल्या असतात. दोन पिएत्रो मोठ्या गांभीर्याने त्या मूर्तींची दिशा बदलतात, जणू संतालाही मोहापासून जपले पाहिजे. आम्ही हसलो, पण मी मनातून खट्टू झालो. हा कसला हुतात्मा?

मग तो प्रसिद्ध प्रसंग आला. सैनिक इमारतीची झडती घेत आहेत. वरच्या मजल्यावर एका मुलाने शस्त्रे दडवलेली. दोन पिएत्रो मरणासन्न म्हाताऱ्याला अखेरचा तैलाभ्यंग देण्याच्या मिषाने वर जातात. पण म्हातारा ठणठणीत, आणि मरायला मुळीच राजी नाही! सैनिक दाराशी येतात तेव्हा तो शांत निपचित पडलेला असतो आणि धर्मगुरू लॅटिन प्रार्थना पुटपुटत असतात. सैनिक गेल्यावर कळते की म्हाताऱ्याच्या डोक्यात फादरांनी तळणीचा तवा हाणला होता. सेमिनरीचे सभागृह हास्याने दणाणले. ते हसू ओठांवर होते तोच, खाली रस्त्यावर, धरून नेलेल्या आपल्या भावी पतीच्या गाडीमागे धावणाऱ्या पिनाला गोळी लागते. आन्ना मान्यानी रस्त्यावर कोसळते आणि त्याच जाड्या धर्मगुरूच्या मांडीवर तिचे शव असते. सभागृहात कोणी श्वासही घेत नव्हते.

तवा आणि शव यांत काही मिनिटांचेच अंतर आहे, आणि त्या अंतरात फाब्रित्सी बदलत नाही. तोच चेहरा, तेच जड शरीर, तीच किंचित धाप. विनोदी नट ‘गंभीर’ होण्यासाठी आवाज खोल करतो, डोळे रोखतो, आपण बदललो आहोत हे प्रेक्षकाला कळावे म्हणून धडपडतो. फाब्रित्सी असे काही करीत नाही. त्यामुळे शेवटी खुर्चीला बांधून गोळी घातली जाते ती एखाद्या धर्मवीराला नव्हे, तर सकाळी चेंडू खेळणाऱ्या शेजारच्या फादरांना, असे वाटते. सेमिनरीत हे मला उमगले नाही. धर्मग्रामात आल्यावर, छपराची गळती, कबरस्तानाच्या भिंतीचा वाद, कोणाच्या तरी मुलासाठी शिफारसपत्र, फुटबॉलच्या स्पर्धेत पंचाशी झालेली हमरीतुमरी यांतच दिवस संपू लागल्यावर हळूहळू उमगत गेले. दोन मोरोसीनी आणि दोन पापागालो यांचेही बहुतेक दिवस असेच गेले असणार.

अंतिम प्रसंगाविषयी दोन शब्द. शेजारच्या खोलीत कम्युनिस्ट अभियंत्याचा छळ चालू आहे; दार उघडे ठेवून ते धर्मगुरूला पाहायला लावले जाते. तो माणूस एकही नाव न सांगता मरतो. दोन पिएत्रो प्रथम छळ करणाऱ्यांना शाप देतात आणि लगेच गुडघ्यांवर कोसळून देवाची क्षमा मागतात. त्या शापात रंगभूमीवरील आवाजाचे सारे बळ आहे, क्षमेच्या याचनेत आवाजच उरत नाही. दुसऱ्या सकाळी, सोबतच्या धर्मगुरूने धीर दिल्यावर, चांगले मरणे अवघड नाही, चांगले जगणेच अवघड, अशा अर्थाचे काही ते म्हणतात, आणि फाब्रित्सी ते एखादी किरकोळ गोष्ट सांगावी तसे म्हणतो. शिपाई जमिनीत गोळ्या झाडतात. जर्मन अधिकारी पुढे होऊन पिस्तूल चालवतो. कुंपणापलीकडून मुले शीळ घालीत असतात. मग ती मुले उतारावरून शहराकडे निघून जातात आणि मागे संत पेत्र महामंदिराचा घुमट दिसतो.

सप्टेंबर १९४५ मध्ये चित्रपट रोमला दाखवण्यात आला तेव्हा स्वागत थंडच झाले. पण १९४६ साली कान महोत्सवात त्याला महापारितोषिकाचा मान मिळाला आणि न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्याला उत्तम परदेशी चित्रपट ठरवले. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यातही तो होता. आपल्याकडील चित्रपटकर्मींना इटलीच्या वास्तववादाचा जो धक्का बसला त्यात ‘सायकल चोर’चे नाव नेहमी घेतले जाते, त्याच महोत्सवात एक जाडा धर्मगुरूही मुंबईकरांनी पाहिला, हे मात्र विसरले जाते.

यानंतर फाब्रित्सीला मागणी आली. लुईजी झांपा याच्या १९४७ सालच्या ‘शांततेने जगणे’ या चित्रपटात तो डोंगराळ खेड्यातला शेतकरी आहे. दोन अमेरिकन सैनिकांना, त्यांतील एक कृष्णवर्णीय, तो गोठ्यात लपवतो आणि शेवटी माघार घेणाऱ्या जर्मनाच्या गोळीने मरतो. याही चित्रपटाला न्यूयॉर्कच्या समीक्षकांचा सन्मान मिळाला. पुढे त्याने अर्जेंटिनाला जाऊन इटालियन स्थलांतरितांवर चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच्या दिग्दर्शनाविषयी फार बोलण्यासारखे नाही. तो नट होता.

१९५० हे पवित्र वर्ष. जगभरचे यात्रेकरू रोमला लोटले होते. त्या वर्षी फाब्रित्सीचे दोन चित्रपट आले आणि आपल्या वाचकांना ते दोन्ही जवळचे वाटतील. पहिला आलेस्सांद्रो ब्लाझेत्तीचा ‘प्रथम ख्रिस्तप्रसाद’. पुनरुत्थान रविवारची सकाळ. मिठाईचा धनाढ्य व्यापारी कार्लोनी याच्या मुलीचा पहिला कम्युनियन आहे आणि पांढरा पोशाख अजून शिंप्याकडून यायचा आहे. तो आणायला गेलेला बाप रस्त्यात याच्याशी भांडतो, त्याच्यावर खेकसतो, आणि पोशाख हरवतो! मग सारी सकाळ त्या पोशाखामागे. स्वतः उदार वागल्याचे तो मनात चित्र रंगवतो आणि प्रत्यक्षात हात घट्ट आवळून घेतो. या भूमिकेबद्दल त्याला १९५१ चा ‘रौप्य फीत’ हा इटालियन चित्रपत्रकारांचा उत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. आपल्या धर्मग्रामांत प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या आठवड्यात मी जे पोशाख, मंडप, बँड आणि केटरर पाहतो, त्यावरून सांगतो की कार्लोनी शेट अजून मेलेले नाहीत.

दुसरा चित्रपट रोसेलिनीचा, ‘फ्रान्सिस, देवाचा विदूषक’. त्यात असिसीकर संत फ्रान्सिस आणि त्यांचे बंधू यांच्या भूमिका खऱ्या फ्रान्सिस्कन मठवासीयांनी केल्या. नामांकित व्यावसायिक नट एकटा फाब्रित्सी. तो झाला आहे निकोलायो, नगराला वेढा घालून बसलेला जुलमी सरदार. अवाढव्य चिलखतात तो साखळ्यांनी जखडल्यासारखा उभा असतो. भोळे बंधू जुनिपर त्याच्या छावणीत उपदेश करायला येतात. सैनिक त्यांना चेंडूसारखे इकडून तिकडे फेकतात. मरणाची शिक्षा होते. मग निकोलायो त्यांना तंबूत नेऊन भेदरवण्याचा प्रयत्न करतो. डोळे वटारतो, दात विचकतो, गाल फुगवतो, गुरगुरतो. समोरचा बंधू फक्त पाहत राहतो, मंद हसत.

अनेक समीक्षकांना फाब्रित्सीचा हा अतिरेकी अभिनय खटकला. साध्यासुध्या मठवासीयांत हा नाटकी माणूस विजोड दिसतो, असा आक्षेप. मला नेमके उलटे वाटते. चित्रपटगृहांच्या चिंचोळ्या मंचावर कमावलेले जेवढे मुखवटे त्याच्यापाशी होते तेवढे सारे तो एकामागून एक त्या बंधूपुढे टाकतो, आणि जो मनुष्य अभिनय करीतच नाही त्याच्यापुढे ते संपतात. शेवटी निकोलायोकडे दाखवण्यासारखा चेहरा उरत नाही आणि तो वेढा उठवतो. आपल्या कलेचा असा पराभव पडद्यावर मांडू देणारा नट विरळा. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली. त्यात हा चित्रपट धर्मविषयक गटात आहे आणि ‘रोम, खुले शहर’ मूल्यांच्या गटात. कांपो दे फियोरीच्या भाजीवालीचा मुलगा त्या यादीत दोनदा आहे.

तोतो या थोर विनोदी नटाबरोबरचे त्याचे चित्रपट इटलीत आजही आवडीने पाहिले जातात. त्यांतला ‘पोलीस आणि चोर’ (१९५१) सर्वांत सरस. धापा टाकणारा हवालदार आणि धापा टाकणारा चोर यांचा तो लांबलचक पाठलाग, आणि दोघांच्याही घरी तीच तंगी. शेवटी चोरच हवालदाराला तुरुंगाकडे घेऊन निघतो, कारण दोन्ही कुटुंबे आता एका टेबलाशी जेवत आहेत आणि पोरांना खरे कळता कामा नये. पटकथेला कान महोत्सवात पारितोषिक मिळाले.

आता त्या दुसऱ्या पानाकडे वळतो. १५ डिसेंबर १९६२ रोजी रोमच्या सिस्तीना नाट्यगृहात ‘रुगान्तीनो’ हे संगीत नाटक रंगमंचावर आले. निर्माते गारिनेई आणि ज्योव्हान्नीनी, संगीत आर्मांदो त्रोव्हायोली यांचे. काळ १८३० च्या सुमाराचा, पोपच्या राज्यातील रोम. नायक निनो मान्फ्रेदी. फाब्रित्सी झाला मास्त्रो तित्ता, जल्लाद.

मास्त्रो तित्ता हे काल्पनिक पात्र नव्हे. ज्योव्हान्नी बात्तिस्ता बुगात्ती (१७७९–१८६९) हा पोपच्या राज्याचा अधिकृत जल्लाद. सतराव्या वर्षी, १७९६ साली, त्याने पहिली शिक्षा अमलात आणली आणि १८६४ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या वहीत ५१६ शिक्षांची नोंद होती. निवृत्तीनंतर त्याला पेन्शन मिळाली. एरवी तो नदीपलीकडे, व्हॅटिकनच्या शेजारील बोर्गो वस्तीत राहून छत्र्यांचा धंदा करी. शहरात लोक त्याला पाहू इच्छीत नसत. तो पूल ओलांडून आला की आज कोणाचे तरी मरण आहे असे रोम समजे. त्यावरून म्हणच पडली. पूल ओलांडल्यावर दंडिताच्या सोबतीला संत योहानच्या शिरच्छेदाच्या नावाचा, १४८८ साली स्थापन झालेला बंधुसंघ असे. त्याचे सभासद अखेरची रात्र दंडितापाशी प्रार्थनेत काढीत आणि मागाहून प्रेताला मूठमाती देत. वध करणारा ख्रिस्ती, सांत्वन करणारे ख्रिस्ती, मरणाराही ख्रिस्ती, आणि हुकूम ज्याच्या नावाने निघाला तो पेत्राचा वारस. हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो, पण इतिहास तसाच आहे.

फाब्रित्सीने हा जल्लाद कसा रंगवला? खलनायकासारखा मुळीच नाही. त्याचा मास्त्रो तित्ता हा घरगुती, खाण्यापिण्याचा शौकीन, उतारवयात एका बाईच्या प्रेमात पडलेला, काहीसा लाजाळू इसम आहे. सुतार जसा रंधा मारतो तसा तो आपला व्यवसाय करतो. प्रेक्षक त्याच्यावर माया करू लागतात आणि मग नाटकाच्या शेवटी त्याला रुगान्तीनोचा वध करावा लागतो, न केलेल्या खुनासाठी. सतरा वर्षांपूर्वी धर्मगुरूच्या झग्यात खुर्चीवर बसलेला हा देह आता खुर्चीच्या मागे उभा होता. रोमच्या प्रेक्षकांत दोन पिएत्रो न पाहिलेला कोणी क्वचितच असेल. फाब्रित्सीच्या मनात ही संगती होती की नव्हती, हा प्रश्न मला गौण वाटतो. शरीर तेच होते, एवढे पुरे.

हे नाटक फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले. संवाद इटालियन, त्यांचे इंग्रजी भाषांतर पडद्यावर उमटवण्याची सोय. २८ प्रयोग झाले. १९७८ साली रोममध्ये नव्या संचात ते पुन्हा उभे राहिले तेव्हाही, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मास्त्रो तित्ता फाब्रित्सीच होता.

येथे कालक्रमातील एक नोंद करावीशी वाटते. १९२९ साली स्थापन झालेल्या व्हॅटिकन नगरराज्याच्या कायद्यात, पोप महोदयांच्या हत्येच्या प्रयत्नासाठी, मृत्युदंडाची तरतूद होती. तिचा वापर कधी झाला नाही. पोप सहावे पॉल यांनी ती १९६९ साली रद्द केली. म्हणजे सिस्तीनामध्ये मास्त्रो तित्ता प्रथम टाळ्या घेत होता तेव्हा नदीपलीकडच्या कायद्यात मृत्युदंड अजून होता. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद बदलून मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत अग्राह्य असल्याचे जाहीर केले. तो बदल मी रविवारच्या प्रवचनात समजावून सांगितला, तेव्हा एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला सॅक्रिस्टीत गाठून विचारले, ‘फादर, मग इतकी वर्षे आपण चुकत होतो काय?’ मी त्यांना धर्मज्ञानातील विकासाची उपपत्ती ऐकवली. ती खरी आहे. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे होता तो पुलावरून येणारा जाडा माणूस, आणि सरळ ‘होय’ म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

फाब्रित्सीची अखेरची मोठी भूमिका १९७४ सालची, एत्तोरे स्कोला याच्या ‘आपण एकमेकांवर किती प्रेम केले’ या चित्रपटातली. युद्धोत्तर भरभराटीत गब्बर झालेला, अशिक्षित, लबाड बांधकाम व्यावसायिक. प्रतिकाराच्या दिवसांतील आदर्श विकून त्याचा जावई झालेला वकील त्याच्या पैशावर जगतो आणि त्याच्या मरणाची वाट पाहतो. म्हातारा मात्र मरायला तयार नाही. दोन पिएत्रोने ज्या इटलीसाठी प्राण दिले तिचे तीस वर्षांत काय झाले, हे त्याच नटाच्या आणखी सुजलेल्या देहात स्कोलाने दाखवले. या भूमिकेला साहाय्यक अभिनेत्याची ‘रौप्य फीत’ मिळाली.

उतारवयात त्याने रोमच्या बोलीत खाण्यापिण्यावर कविता लिहिल्या: पास्तावर एक संग्रह, सुपावर एक, पावावर एक. धाकटी बहीण एलेना उपाहारगृह चालवी आणि पुढे तीही चित्रपटांत झळकली. फाब्रित्सी स्वतः स्वयंपाकात तरबेज होता आणि स्वभावाने चिडखोर, असे त्याला ओळखणारे सांगत.

२ एप्रिल १९९० रोजी, उपवासकाळातील सोमवारी, रोममध्ये त्याचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी दोन मोरोसीनी यांच्या मृत्यूला सेहेचाळीस वर्षे पूर्ण होत होती. वेरानो दफनभूमीत त्याची कबर आहे. कबरीवर त्याने एक थट्टा कोरून ठेवली आहे: पास्ता पुरता शिजण्याआधीच, दाताला लागत असतानाच, आपल्याला या जगातून उचलले, अशी त्याची तक्रार.